हरवले-सापडले

ट्राम डेपोच्या मागे, बॉयलरच्या खोलीशेजारी
माझी खिडकी.
रीगा शहराच्या विसराळूपणावर
एकोणीस वर्षं माझं घर चाललंय.
छत्र्या तर असतातच. एकेकटे हातमोजे,
दातांची कवळी, व्हायोलिनचा गज,
एकदा तर सुपाचा डबा, अजून कोमट.
प्रत्येकाला मी चिठ्ठी बांधते:
तारीख, ट्राम, कुठल्या सीटखाली.
लोक येतात, ओशाळं हसतात.
मी म्हणते, होतं असं.
मनात म्हणते, असं होतं तरी कसं?

मार्चमध्ये इल्ग्वार्सच्या मानेतून त्यांनी
बार्लीच्या दाण्याएवढा तुकडा काढला
आणि सांगितलं, फोन करू.
किती दिवसांनी?
आठ. दहा. कधीकधी चौदा.

दुसऱ्याच दिवशी चष्मा गेला.
मग ट्रामचा पास.
मग घराची किल्ली, जिनं मी स्वतः
दार उघडून आत आले होते.
मग मीठ. चिमूटभर नव्हे,
अख्खा डबा.
डाव्या पायाचा बूट सकाळी होता, दुपारी नाही,
आणि मी घराबाहेर पडलेच नव्हते.

शोधायचा इल्ग्वार्स.
मानेला पट्टी, गुडघ्यांवर वाकून,
सोफ्याखाली टॉर्च मारत.
रागावायचा नाही. उलट
खुशीत असायचा, शीळ घालायचा;
त्या दिवसांत या घरात कुणाला काही सापडत असेल
तर फक्त त्यालाच.
मीठ इस्त्रीच्या फळीमागे. पास त्याच्याच कोटात.
किल्ली पिठात,
आणि पिठात का,
हे आम्ही एकमेकांना विचारलं नाही.

"तुझ्याच खिडकीवर अर्ज कर," तो म्हणाला.
केला.
जेवणाच्या सुट्टीत, छापील कागदावर, निळ्या शाईनं.
हरवलेली वस्तू: इथे पेन थांबलं.
रंग: तेही.
शेवटची कुठे पाहिली:
रविवारी, स्वयंपाकघरात. तो बटाटे सोलत होता.
मी त्याच्या मानेकडे बघत नव्हते,
कारण तेव्हा ती नुसती मान होती.

आउस्मानं कागद ओढून घेतला,
वाचला, नाक पुसलं,
शिक्का मारला
आणि छत्र्यांच्या वरच्या फळीवर ठेवून दिला.
नियमाप्रमाणे तीन महिने.
मग लिलाव.

परतताना नदीकडच्या कुंपणावर
कुणीतरी एक लाल हातमोजा
लोखंडी टोकावर चढवून ठेवलेला,
पाची बोटं वर.
माझ्या खात्यात सरळ ढवळाढवळ.
उचलून डेपोत न्यायला हवा होता.
मी आजूबाजूला पाहिलं
आणि त्याला हात केला.

बाराव्या दिवशी फोन वाजला.
टेबलावर नव्हता. पिशवीत नव्हता.
घरातच कुठेतरी, दबका,
बर्फाखालून आल्यासारखा आवाज.
इल्ग्वार्स उठला, टॉर्च घेतला,
सवयीनं सोफ्याकडे गेला, मग बुटांकडे,
मग पिठाचा डबा उघडून
कोपरापर्यंत हात घातला.
मी खुर्चीत बसून
टेबलावरचे पावाचे कण गोळा करत राहिले.
मला माहीत होतं.
इतक्या दिवसांत पहिल्यांदाच
एक वस्तू नेमकी कुठे आहे, मला माहीत होतं:
पावाच्या पेटीत, टॉवेलात गुंडाळून,
वर झाकण घट्ट.
सकाळी सहाला मीच.

कितवी घंटी होती कोण जाणे, तो वळला.
पांढरा हात, पांढरी बाही.
काही बोलला नाही.
भर दुपारी त्यानं टॉर्चचा उजेड
माझ्या बोटांवर, त्या कणांवर धरला,
सोफ्याखाली धरायचा तसा,
काहीतरी सापडलं की.